कोठीतले संगीत



या मालेच्या चालकांनी मला विषय विचारला आणि मी तो सांगितला, तेव्हा ते क्षणभर घोटाळ्यात पडलेले मला दिसले. त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. इटलीचे नाव काढले की आपल्याला मॅझिनी आणि गॅरिबाल्डी आठवतात. संगीताचे नाव काढले तर फार तर व्हेर्दीचा ऑपेरा. मी आज ज्या संगीताविषयी बोलणार आहे ते ऑपेरागृहात कधी वाजले नाही. त्यातले पुष्कळसे तर दुकानात विकायलासुद्धा ठेवलेले नव्हते. १९६० ते १९८० या वीस-बावीस वर्षांत रोम आणि मिलान येथे ते तयार झाले, कामापुरते वापरले गेले आणि अडगळीत पडले. पुढे काही छांदिष्ट माणसांनी ते शोधून काढले आणि आज त्यातल्या काही तबकड्यांना सोन्याचा भाव आला आहे. भावाची गोष्ट मी फार करणार नाही. टाकाऊ ठरलेल्या वस्तूला किंमत कशी येते, आणि ती आल्यावर ज्याने ती वस्तू निर्माण केली त्याच्या पदरात काय पडते, हा माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे.

प्रथम दोन प्रकार निरनिराळे करून घेऊ. पहिला प्रकार चित्रपटाच्या पार्श्वसंगीताचा. तो आपल्या परिचयाचा आहे, म्हणून तो समजावून सांगत नाही. दुसऱ्या प्रकाराला इंग्रजीत लायब्ररी म्युझिक म्हणतात; इटालियन लोक त्यासाठी सोनोरिझात्सिओने असा शब्द वापरतात, म्हणजे मुक्या चित्राला आवाज देणे. आपल्याकडे याला रूढ शब्द नाही, तेव्हा मी त्याला कोठीतले संगीत म्हणतो. घरच्या कोठीत जसे डाळ, गूळ, चिंच आधीच भरून ठेवलेले असते आणि पाहुणा आला की गृहिणी हवे ते काढते, तसे हे संगीत. एखादा माणूस पोलादाच्या कारखान्यावर अनुबोधपट काढतो आहे. त्याला चाळीस सेकंद यंत्रांच्या घरघरीला शोभेल असे काही हवे आहे. नवे संगीत करून घ्यायला पैसा नाही, वेळ नाही. तो प्रकाशकाने पाठवलेल्या तबकड्यांच्या फळीपाशी जातो, 'उद्योग', 'वाहतूक', 'रहस्य', 'निसर्ग' अशा मथळ्यांवरून बोट फिरवतो, एक तबकडी काढतो आणि तिचा तुकडा चित्राला जोडतो. मग एका तक्त्यावर लिहितो की अमुक तुकडा इतके सेकंद वाजवला. तो तक्ता लेखक-संगीतकारांच्या हक्कांची वसुली करणाऱ्या संस्थेकडे जातो. इटलीत ही संस्था १८८२ पासून आहे. तिचे नाव सिआए. तिच्यामार्फत प्रकाशकाला आणि संगीतकाराला मोबदला पोहोचतो. म्हणजे तबकडी विकून कुणाला काही मिळवायचे नव्हतेच. ती फुकट वाटायची, आणि वाजेल त्याप्रमाणे उत्पन्न घ्यायचे. म्हणून अशा तबकड्या थोड्याच काढत, अनेकदा काही शेकड्यांतच, आणि त्यांवर 'विक्रीसाठी नाही' असे छापलेले असे.

चित्रपटसंगीताचाही व्यवहार याच धाटणीचा होता, हे लक्षात घेतल्याशिवाय इटलीत एवढे संगीत कुठून आले याचा उलगडा होत नाही. इटलीत चित्रपटगृहात चित्रपट लागला की त्यातील संगीताच्या हक्कापोटी गृहाच्या उत्पन्नातून वाटा द्यावा लागे. तेव्हा संगीताचे प्रकाशक निर्मात्याला म्हणत, वाद्यवृंदाचा खर्च आम्ही करतो, तुम्ही आम्हाला हक्क द्या. निर्मात्याला संगीत जवळजवळ फुकट मिळे. रोमच्या काम या संस्थेने हा धंदा फार मोठ्या प्रमाणावर केला; तिची स्थापना १९५९ ची. साठाच्या आणि सत्तराच्या दशकांत इटलीत वर्षाला दोनशेहून अधिक चित्रपट निघत असत. त्यात फेल्लिनी आणि आन्तोनिओनी थोडे. बाकी गुप्तहेरांचे, घोडेस्वारांचे, भुताखेतांचे, खुनांचे, आणि चावटपणाचे. पण प्रत्येकाला संगीत हवे. शिवाय तिथे संवाद चित्रीकरणाच्या वेळी न घेता मागाहून ध्वनिशाळेत भरण्याची पद्धत होती. अर्थात आवाजाचा सगळा संसार नंतर उभा करायचा, आणि त्यात संगीताला मोकळे अंगण मिळे.

या अंगणात जी मंडळी वावरली ती काही हौशी नव्हती. एनियो मोरिकोने हा १९२८ साली रोममध्ये जन्मला. सांता चेचिलिया संगीतशाळेत त्याने तुतारीचे शिक्षण घेतले आणि गोफ्रेदो पेत्रास्सी या थोर गुरूपाशी रचनाशास्त्राचे. पोटासाठी त्याने रेकॉर्ड कंपनीत लोकांच्या गाण्यांना वाद्यांची साथ रचून देण्याचे काम धरले. मग सेर्जो लेओने या दिग्दर्शकाने त्याला आपल्या चित्रपटासाठी बोलावले. हे दोघे लहानपणी एकाच वर्गात होते! १९६४ चा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स', १९६६ चा 'द गुड, द बॅड अँड द अग्ली', १९६८ चा 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' हे त्यांचे चित्रपट आपल्यातील पुष्कळांनी पाहिले असतील. त्यांत शीळ आहे, चाबकाचा फटकारा आहे, घंटा आहे, मोरचंग आहे, विजेची गिटार आहे, आणि शब्दावाचून गाणारा स्त्रीचा स्वर आहे. अमेरिकेतील घोडेस्वारांच्या चित्रपटांना तोवर भरगच्च वाद्यवृंद लागत असे. मोरिकोनेने त्या वाळवंटात चार-दोन आवाज मांडले आणि मध्ये पोकळी ठेवली. तिसऱ्या चित्रपटाचे संगीत चित्रीकरणाआधीच तयार होते, आणि लेओने ते चित्रीकरणाच्या जागी वाजवून नटांना त्या तालात चालायला लावी.

आपल्याकडच्या 'शोले'चे पार्श्वसंगीत १९७५ साली राहुल देव बर्मन यांनी केले. ते नीट ऐकले तर या रोमन वाऱ्याची झुळूक कानाला जाणवल्यावाचून राहत नाही. तेव्हा हा विषय आपल्याला अगदीच परका आहे असे समजू नका.

मला मोरिकोनेपेक्षा त्याच्या भोवतीच्या माणसांबद्दल अधिक बोलायचे आहे. ती शीळ कुणाची? ती अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनीची. हा गिटारही वाजवी आणि त्याने 'इ कान्तोरी मोदेर्नी' नावाचा गायकवृंद उभारला होता. तो निःशब्द स्त्रीस्वर एद्दा देल्लोर्सो हिचा. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधला तो काळीज चिरणारा माउथऑर्गन वाजवला फ्रांको दे जेमिनीने. त्याने १९६६ साली बीट रेकॉर्ड्स ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली. वाद्यवृंदापुढे छडी घेऊन पुष्कळदा उभा असे तो ब्रूनो निकोलाई. हा स्वतः उत्तम रचनाकार. ही सगळी माणसे सकाळी एका चित्रपटासाठी वाजवीत, दुपारी दुसऱ्या, आणि रात्री कोठीच्या तबकड्या भरीत. १९७० च्या सुमारास मोरिकोने, त्रोवायोली, पिच्चोनी आणि बाकालोव या संगीतकारांनी मिळून रोममध्ये एक ध्वनिमुद्रणशाळा थाटली. ती कुठे, तर एका मोठ्या चर्चच्या पोटात. वर प्रार्थना चाललेली आणि खाली तळघरात खुनाच्या चित्रपटाला साजेसा आक्रोश मुद्रित होतो आहे, असे तेथे घडले असेल याची कल्पना करून मला नेहमी हसू येते.

आता एका धुनेची हकिकत सांगतो. १९६८ साली स्वीडनविषयीचा एक अर्धवट अनुबोधपट, अर्धवट चावटपट इटलीत निघाला. त्यात बाष्पस्नानगृहाचा एक प्रसंग होता. त्यासाठी पिएरो उमिलिआनी या संगीतकाराने एक धून केली; अर्थ नसलेले दोन-चार उच्चार आणि त्यांना दिलेले लाडिक उत्तर, एवढेच तिचे स्वरूप. ती गायली अलेस्सांद्रोनी आणि त्याची बायको जुलिया दे म्युतीस यांनी. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील मुलांच्या 'सेसमी स्ट्रीट' कार्यक्रमात ती आली, आणि १९७६ साली 'मपेट शो'च्या बाहुल्यांनी ती जगभर नेली. 'माना माना' म्हटले की आज लहान मूलदेखील उत्तर देते. पण उमिलिआनीचे नाव किती जणांना ठाऊक आहे? या गृहस्थाने १९५८ साली 'इ सोलीती इन्योती' या गाजलेल्या चित्रपटाला जाझ संगीत दिले होते. इटलीच्या चित्रपटात जाझला मानाचे पान मिळाले त्यात त्याचा वाटा मोठा. आणि जगाने लक्षात काय ठेवले, तर बाहुल्या.

यात इटलीला हसण्याचे कारण नाही. आकाशवाणीची सकाळची ती संकेतधून ऐकत आपल्यातील कितीतरी जण लहानाचे मोठे झाले. तिचे श्रेय वॉल्टर कॉफमान यांना दिले जाते. मध्य युरोपातून हिटलरच्या भयाने निघालेले हे ज्यू संगीतज्ञ १९३४ साली मुंबईस आले आणि पुढे तेथील रेडिओ केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे काम पाहू लागले. धून कोट्यवधींच्या कानात आहे. नाव मूठभरांच्या तोंडी. उपयोगासाठी केलेल्या संगीताच्या कपाळी हेच लिहिलेले असते.

उमिलिआनीचे पुढचे आयुष्य आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठे बोधक आहे. त्याने रोममध्ये स्वतःची ध्वनिमुद्रणशाळा उभारली, ओमिक्रॉन आणि लिउतो अशी प्रकाशनचिन्हे काढली, विजेवर चालणारी नवी स्वरयंत्रे आणली, आणि कोठीच्या तबकड्या भरू लागला. त्यांवर नावे मात्र निराळी. 'प्रोब्लेमी दोज्जी', म्हणजे आजचे प्रश्न, या तबकडीवर नाव झाल्ला. 'त्रा शेन्त्सा ए फान्ताशेन्त्सा', म्हणजे विज्ञान आणि विज्ञानकथा यांच्या मध्ये, या तबकडीवर नाव मोज्जी. आणखी कुठे रोवी, कुठे कातामो. ही सगळी मंडळी एकाच खोलीत, एकाच खुर्चीवर बसत होती! असे का करीत? काहींनी एका प्रकाशकाशी करार केलेला असे आणि दुसऱ्याकडे टोपणनावाने जावे लागे. उमिलिआनीच्या बाबतीत मला वाटते, दुकान एकट्याचे असले तरी फळीवर गर्दी दिसावी हा व्यवहार असावा. कारण काहीही असो, परिणाम एकच. ज्याने केले त्याचे नाव कृतीपासून तुटले.

आणि तरीही, श्रोतेहो, या निनावीपणात एक विलक्षण मोकळीक होती. चित्रपटात दिग्दर्शक डोक्यावर बसलेला असतो, गाण्यात गिऱ्हाईक. कोठीच्या तबकडीला दोन्ही नाहीत. फक्त मथळा दिला की झाले. मोरिकोने हा 'नुओवा कोन्सोनान्झा' नावाच्या एका प्रयोगशील वाद्यवृंदात होता. फ्रांको एवांजेलिस्ती याने तो १९६४ साली सुरू केला. पियानोच्या तारा खरवडणे, तुतारीतून नुसता श्वास सोडणे असे त्यांचे प्रयोग. एजिस्तो मक्की हाही त्यांतला. अशा संगीताला मैफलीत पन्नास माणसे आली तर पुष्कळ. पण कीटकांवरचा, समुद्रतळावरचा, वेड्यांच्या इस्पितळावरचा अनुबोधपट असेल तर तेच संगीत शोभते, आणि प्रेक्षकही तक्रार करीत नाही. इटलीचे दूरचित्रवाणी केंद्र ३ जानेवारी १९५४ ला सुरू झाले, १९६१ साली दुसरी वाहिनी आली, आणि या अनुबोधपटांची भूक वाढतच गेली. ज्या नव्या संगीताला इटलीत आश्रयदाता नव्हता त्याला ज्ञानरंजनाच्या कार्यक्रमांनी अन्न घातले. १९७२ साली आरसीएने दहा तबकड्यांचा एक संच काढला, 'दिमेन्सिओनी सोनोरे'. पाच तबकड्या मोरिकोनेच्या, पाच निकोलाईच्या. त्याचे उपशीर्षक होते, चित्रासाठी आणि कल्पनेसाठी संगीत. यात एकही शीळ नाही, एकही घोडा नाही. मोरिकोनेला फक्त घोडेस्वारांचा संगीतकार म्हटलेले आवडत नसे. का ते हा संच ऐकल्यावर कळते.

दानिएला कासा हिचे उदाहरण घ्या. १९४४ ची ही बाई. प्रथम गायिका, मग कोठीसाठी रचना करणारी. १९७५ साली तिची 'सोचिएता मालाता', म्हणजे आजारी समाज, ही तबकडी निघाली. चिडलेली गिटार, खाली धुमसणारा ताल, आणि मधूनच गोठवणारी शांतता. त्या वर्षांत इटलीत बाँबस्फोट, अपहरणे, संप यांचा कहर होता. अनुबोधपटवाल्यांना या विषयांवर संगीत हवे होते, म्हणून प्रकाशकाने तो मथळा दिला असणार. पण तिने मथळ्याखाली जे लिहिले ते त्या दिवसांचे मला ठाऊक असलेले सर्वांत खरे संगीत आहे. ती १९८६ साली वारली. तेव्हा तिचे वय बेचाळीस. आपले हे काम परदेशातले तरुण हौसेने ऐकतील हे तिला कधी कळले नाही.

मग हे सगळे थांबले कसे? १९५५ साली इटलीत चित्रपटांची ८१ कोटी ९० लाख तिकिटे खपली होती. १९८५ साली तो आकडा साडेबारा कोटींच्या आतबाहेर आला. १९७६ साली तेथील घटना न्यायालयाने स्थानिक खाजगी दूरचित्रवाणीला मोकळीक दिली आणि लोक घरी बसून चित्रपट पाहू लागले. चित्रपट कमी झाले, वाद्यवृंद परवडेनासे झाले, एकाच यंत्रावर सगळी वाद्ये काढता येऊ लागली. प्रकाशनसंस्था एकमेकींनी गिळल्या. कार्यालये हलली की कागद आणि फिती आधी जातात, हा सर्व देशांतला अनुभव आहे. कोठीच्या तबकड्या दूरचित्रवाणीच्या कपाटांतून निघाल्या आणि रद्दीच्या बाजारात आल्या. त्यांवर चित्र नाही, ओळखीचे नाव नाही, कोण घेणार?

घेतल्या त्या थोड्या वेड्यांनी. जपानमधील रसिकांनी मोरिकोनेच्या तबकड्यांचे पुनःप्रकाशन फार आधी, निगुतीने केले. नव्वदाच्या दशकात मिलानमधून 'ईझी टेंपो' ही मालिका निघाली, बर्लिनमधून 'बीट अॅट चिनेचित्ता' निघाली, आणि नाचघरांत या जुन्या ताना पुन्हा वाजू लागल्या. लंडनच्या जॉनी ट्रंक याने २००५ साली कोठीच्या तबकड्यांच्या वेष्टनांचे एक पुस्तकच काढले. क्वेन्टिन टॅरंटिनोने २००३ च्या 'किल बिल'मध्ये बाकालोव आणि ओर्तोलानी यांच्या जुन्या धुना वापरल्या, आणि पुढच्या भागात नोरा ओर्लांदी हिची. ही ओर्लांदी रोममधल्या गायकवृंदाची प्रमुख. अलेस्सांद्रोनी आधी तिच्याच वृंदात गात असे. ज्या बाईने अर्ध्या इटलीच्या चित्रपटांना कंठ दिला तिला जगाने ओळखले ते तीस वर्षांनी, आणि तेही एका अमेरिकन दिग्दर्शकाच्या आवडीमुळे.

आता संग्राहकाकडे वळतो. पुण्यातल्या श्रोत्यांना दिनकर केळकरांचे संग्रहालय ठाऊक आहे. अडकित्ते, समया, दौती, दारांच्या चौकटी. एकही वस्तू पाहण्यासाठी केलेली नव्हती. सुपारी कातरण्यासाठी केलेला अडकित्ता कुणी काचेत ठेवील, असे तो घडवणाऱ्या कारागिराच्या स्वप्नातही आले नसेल. केळकर गावोगाव हिंडले आणि त्यांनी तो जमवला, आणि शेवटी सगळे लोकांच्या स्वाधीन केले. ते कविता 'अज्ञातवासी' या नावाने लिहीत, हाही एक योग. संग्रह करणे म्हणजे काय हे मला कुणी विचारले तर मी त्या दालनांकडे बोट दाखवतो.

परंतु तबकड्यांच्या जगात केळकर थोडे आणि सावकार फार, हे मला खेदाने सांगितले पाहिजे. दुर्मिळ तबकडी हाती लागली की ती दडवायची, तिचा उल्लेख अर्धवट करायचा, वाजवताना वेष्टनावर कागद चिकटवायचा, म्हणजे दुसऱ्याला नाव कळू नये! हे सारे माझ्या डोळ्यांदेखत झाले आहे. एका ज्येष्ठ संग्राहकाने मला सांगितले की एखादी तबकडी पुन्हा छापली गेली की त्याला रात्री झोप येत नाही. का? कारण त्याच्याजवळच्या प्रतीचा भाव उतरतो. म्हणजे संगीत अधिक लोकांच्या कानी जावे यात ज्याचे नुकसान आहे, तो स्वतःला संगीताचा भक्त म्हणवतो. मला हा विनोद वाटत नाही.

दुसरी बाजूही मी टाकून देत नाही. कुणी पैसे मोजले नसते तर रद्दीवाल्याने या तबकड्या बाजूला काढल्या नसत्या. लोभाने पुष्कळ वस्तू वाचतात. मूळ फितींचे तर हालच आहेत. सत्तराच्या दशकातील काही फितींवरचा चिकटद्रव्याचा थर दमट हवेने ओलावा शोषून चिकट होतो. फीत यंत्रात घातली की डोक्याला चिकटून कुरकुरते आणि वरचा थर खरवडला जातो. अशी फीत मंद आचेवर कित्येक तास भाजून काढतात. तेवढ्याने ती थोडे दिवस चालते, आणि त्या अवकाशात तिची नक्कल घ्यायची. जिची फीत हरवली आहे तिची साक्षीदार तबकडीच. म्हणून कुणाच्या तरी कपाटातली ती एक प्रत, ओरखडे असलेली, कोपरा मुडपलेली, ही कधी कधी त्या कृतीची शेवटची प्रत असते. ती दडवून ठेवणाऱ्याने याचा विचार केला पाहिजे.

जे हा नाद करू इच्छितात त्यांना दोन शब्द. तबकडीचे वेष्टन खोटे बोलते. मध्यभागाजवळच्या गुळगुळीत कड्यात कोरलेला क्रमांक सहसा खोटे बोलत नाही. तो वाचायला भिंग लागते. लेबलावर सिआएचा शिक्का आहे का पाहावे. चोरून छापलेल्या प्रती पुष्कळ फिरतात, आणि त्यांचा एक पैसाही संगीतकाराच्या वारसांना मिळत नाही. उलट रोमच्या फोर फ्लाइज, मँचेस्टरच्या फाइंडर्स कीपर्स अशा छोट्या संस्था मूळ फिती शोधतात, वारसांशी बोलतात आणि माहितीचे टिपण जोडून पुनर्मुद्रण करतात. रिकार्दो फेल्लिनी, म्हणजे प्रख्यात फेल्लिनीचा धाकटा भाऊ, याने प्राणिसंग्रहालयांतल्या पिंजऱ्यांवर एक अनुबोधमालिका केली होती, 'झू फोल्ले'. तिला जुलिआनो सोर्जीनीने दिलेले संगीत अशाच पुनर्मुद्रणामुळे मला ऐकता आले. बासरी आणि ढोल यांचे ते संगीत ऐकताना पिंजऱ्यात येरझारा घालणारा वाघ दिसतो. मूळ तबकडी मला या जन्मी परवडणार नाही आणि तिच्यावाचून माझे काही अडत नाही.

आता एक आक्षेप राहिला, आणि तो माझ्या एका स्नेह्याने मला सरळच विचारला. तो म्हणाला, "अरे, ज्याने टोपणनाव घेतले त्याला लपायचेच होते. तू त्याचा बुरखा का फाडतोस? आणि खरे सांग, यातले किती संगीत ऐकण्यासारखे आहे?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. फार थोडे. दहांतल्या आठ तबकड्या मी दुसऱ्यांदा लावत नाही. हॉटेलच्या दिवाणखान्यात वाजावे असे कोमट सूर त्यांत असतात. ज्याला यातले सगळेच अपूर्व वाटते त्याचे कान मी मानत नाही. पहिला प्रश्न अवघड. झाल्ला हा उमिलिआनी होता हे सांगण्याने आपण काय साधतो? मी त्याला म्हटले, तो करारापुरता लपला होता, व्यवहारापुरता लपला होता. आपल्या कामापासून लपला नव्हता. तक्ता भरताना त्याला मोबदला पोहोचावा म्हणून कुठेतरी खरे नाव नोंदलेले होतेच. हिशेबाच्या वहीत माणूस खरा आणि ऐकणाऱ्यापाशी मात्र खोटा, ही वाटणी त्याने आवडीने केली नव्हती. उमिलिआनी २००१ साली वारला. त्याच्या अखेरच्या वर्षांत तरुण मंडळी त्याच्या जुन्या तबकड्या पुन्हा काढू लागली होती. तेवढे भाग्य दानिएला कासाला लाभले नाही, आणि तिच्यासारखी आणखी किती नावे कोठीत आहेत ती आपण अजून मोजलेली नाहीत. माझ्या स्नेह्याचे यावर समाधान झाले असे मी म्हणणार नाही. तो म्हणाला, "बघू, वाजव तर खरे."

तेव्हा तेच करतो. चालकांनी कृपा करून ध्वनियंत्राची सोय केली आहे आणि अध्यक्षांनी पंधरा मिनिटांची सवलत दिली आहे. पहिली बाजू उमिलिआनीची लावतो, म्हणजे मुलांना कंटाळा यायचा नाही. त्यानंतर 'दिमेन्सिओनी सोनोरे'मधला निकोलाईचा एक तुकडा. तो जरा कठीण आहे, ज्यांना उठावेसे वाटेल त्यांनी खुशाल उठावे, मला राग येणार नाही. शेवटी दानिएला कासा. तिच्या तुकड्याच्या सुरुवातीला आवाज फार लहान आहे, म्हणून मागे बसलेल्यांनी पुढच्या रिकाम्या खुर्च्यांवर यावे, आणि कुणीतरी ते पंखे बंद करावेत.